अंजनामावशींच्या ओसरीवरचा गुरुवार

पाळणाघरात दोन गोष्टींचा ढीग आपोआप साठतो. एक म्हणजे एका पायाचे मोजे आणि दुसरे किस्से. मोजे मी दर दिवाळीला गोळा करून फेकून द्यायचे. किश्शांचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ते साठतच गेले. आता कुणी साधं "कशा आहात?" म्हणून विचारलं तरी माझ्या तोंडून एखादा निसटतो आणि समोरच्याची बस चुकते.

मागच्या महिन्यात आमच्या चिखलीतल्या मंडळाची पोरं घरी आली. परिसरातल्या लहान मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी ज्यांनी आयुष्य घालवलं अशा माणसांचा सत्कार करायचा होता, आणि यादीत पहिलं नाव अंजनामावशींचं. "ताई, तुम्ही अठरा वर्षं त्यांच्यासोबत काढलीत, मानपत्रासाठी चार ओळी लिहून द्या," म्हणाली. मी वही उघडली, वर मावशींचं नाव लिहिलं आणि तिथंच अडकले. चार ओळींत बसेल असं त्या बाईनं काही केलेलंच नाही!

मावशी चिखलीच्या जुन्या घरातल्या. जिथं त्यांचं शेत होतं तिथं आता वर्कशॉपचे पत्रे आहेत. रस्त्याला लागून तीन-चार खोल्या आणि पुढं लांबलचक ओसरी, एवढंच राहिलं. मागच्या खोल्यांत कंपनीत जाणारी भाडेकरू जोडपी असायची. एका सकाळी नळावर एक भाडेकरीण पोर कडेवर घेऊन रडत उभी होती. कंपनीत हजर व्हायचं होतं आणि पोर ठेवायला कुणी नव्हतं. मावशी म्हणाल्या, "दे हिकडं आन् जा." पाळणाघर सुरू झालं ते असं, उद्घाटनाशिवाय.

मी परभणीकडची. माझा ओंकार दीड वर्षाचा असताना त्याला मावशींकडे ठेवून मी वायर हार्नेसच्या, म्हणजे गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या कंपनीत जायला लागले. पहिला आठवडाभर गेटवर ओंकारपेक्षा मीच जास्त रडायचे. शेवटी मावशी वैतागल्या. "तू बी आत ये आन् बस. दोघांना संगंच सांभाळते." मी आत गेले ती पाळणाघर बंद होईपर्यंत बाहेर आले नाही. ते बंद होऊन आता दोन वर्षं झाली. मावशींचे गुडघे थकले.

मावशींचं एक दुखणं मात्र गुडघ्यांपेक्षा जुनं होतं, ते आधी सांगते. पोर पाच वर्षांचं झालं की शाळेत जायचं. दोन वर्षांनी रस्त्यात भेटलं की आईच्या पदरामागं लपायचं. एकदा पोरांची नखं काढता काढता मावशी सहज म्हणाल्या, "पाच वर्साच्या आतलं कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई गं. आपण ज्यांचं सगळं केलं, त्यांनाच आपण ठाऊक न्हाई." आणि पुढचं नख काढायला लागल्या. त्यानंतर हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही.

*

आमच्या पोरांना वार शिकवायची गरज पडायची नाही, ती ते आईबापांच्या शिफ्टवरून शिकायची. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी बाबा घरी, मटण, नवीन कपडे, मोटरसायकलवर चक्कर. रविवारी पाळणाघरात खिचडी.

एका वर्षी आमची सात-आठ पोरं एकदम एकाच शाळेत पहिलीला गेली. बाईंनी वर्गात विचारलं, सुट्टीचा वार कोणता? आमच्या सगळ्या पोरांनी एका सुरात सांगितलं, "गुरुवार!" बाईंनी तीनदा रविवार म्हणून घेतलं, पोरं तीनदा गुरुवारवर आली. उरलेला वर्गही बघता बघता फितूर झाला. शेवटी बाईंनी मावशींना बोलावून घेतलं आणि पोरांना चुकीचं का शिकवता, असं नम्रपणे विचारलं.

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "बाई, तुमचा रविवार लाल असंल, व्हय. पण आमच्या पोरांचा बाप त्यात दिसत न्हाई."

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. आता त्या विचारायच्या, शाळेला सुट्टी कधी आणि बाबांना सुट्टी कधी?

*

कैलास आणि मीरा हे जोडपं बीडकडचं. ती फर्स्ट शिफ्टला, तो सेकंडला, दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत. त्यांचा अनिकेत दोन वर्षांचा होता. मीरा सुटून यायची आणि कैलास निघायचा, यात मध्ये जेमतेम पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं ती दोघं आमच्या ओसरीवर भेटायची. लग्न झाल्यापासून नवराबायको एकमेकांना उजेडात बघतात ते इथंच, असं मीरा हसत सांगायची. सांगताना डोळे हसायचे नाहीत.

मावशींनी हे हेरलं. मीरा आली की त्या अनिकेतला उचलून आत न्यायच्या आणि ओसरीवर दोन कप चहा ठेवायच्या. बाकीच्या आया पोर ताबडतोब मागायच्या, मीराला मात्र पंधरा मिनिटं पोर मिळायचं नाही. आत अनिकेत माझ्या मांडीवर बसून दाराच्या फटीतून आईबापांकडे बघत राहायचा.

एकदा त्या पंधरा मिनिटांत दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. गॅस संपला होता आणि नंबर कुणी लावायचा होता, असलं काहीतरी. आवाज रस्त्यावर जायला लागला. मावशी बाहेर आल्या, चहाचे कप पुढं सरकवले आणि म्हणाल्या, "भांडाण गुरवारी करा. रोजच्याला तेवढा टाइम न्हाई तुमच्याकडं."

दोघं चहा प्यायली. कैलास हेल्मेट घालून निघाला, आणि कोपऱ्यावरून परत वळून आला. गॅसचा नंबर मीच लावतो, एवढं सांगायला.

*

युनिफॉर्मचा किस्सा तर आमच्याकडे नव्या आयांना ऐकवायची पद्धतच होती. शेजारच्या एका कंपनीत आमच्या पाच-सहा पोरांचे बाप होते. सगळ्यांचा शर्ट राखाडी. तिथल्या दत्तूची मुलगी चिमी, वय वर्षं सव्वादोन, रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही राखाडी शर्टाला "बाबा" म्हणून हाक मारायची. पाच-सहा अनोळखी लोक रोज खूश होऊन जायचे.

मग एक दिवस कंपनीनं शर्ट बदलला. राखाडीचा निळा झाला. दत्तू नवाकोरा निळा शर्ट घालून, भांग पाडून पोरीला न्यायला आला, आणि चिमीनं त्याला बघून असा टाहो फोडला की शेजारचं वर्कशॉप मशीन बंद करून बघायला आलं. मावशींचा नियम पक्का होता. पोर ज्याला ओळखत नाही त्याच्या ताब्यात द्यायचं नाही, मग तो कुणीही असो.

"मावशी, रोज चहा पितो की राव मी तुमच्याकडं!" दत्तू काकुळतीला आला.

"मी वळखते रं. तिनं वळखाया पायजे."

दत्तूनं खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं आणि पुराव्यादाखल मावशींपुढं धरलं. त्यावरचा फोटो जुना, राखाडी शर्टातला. चिमीनं तो बघितला, रडं थांबवलं, "बाबा!" म्हणून ओळखपत्र हिसकावून घेतलं आणि छातीशी धरलं. मग त्या बाबांना घेऊन ती घरी गेली. दत्तू चार पावलं मागून चालत होता.

*

माझ्या ओंकारचंही सांगून टाकते. पाळणाघरात सगळी पोरं मला ताई म्हणायची, म्हणून तोही ताईच म्हणायचा. मांडीवर दुसरं कुणी बसलं तरी भांडायचा नाही. संध्याकाळी गेटच्या बाहेर पाऊल पडलं की लगेच आई. गेट म्हणजे त्याची हद्द होती. मध्ये एकदा त्याला विचारलं तर म्हणाला, मला पाळणाघरातलं काहीच आठवत नाही, एक ताई होत्या एवढंच अंधूक आठवतंय. मी हसले खरी, पण त्या दिवशी मावशींचं दुखणं मला पहिल्यांदा आतून समजलं.

*

आता जेवणाचं. नवीन आलेलं पोर दोन-दोन दिवस जेवायचं नाही. आईनं काय दिलंय, मी काय भरवते, त्याला कशाशी घेणं नसायचं. तोंड घट्ट मिटलेलं. मावशींनी कधीतरी बघून ठेवलं होतं की मोठ्या माणसानं दिलेला घास न खाणारं पोर शेजारच्या पोरानं दिलेला मात्र गुपचूप खातं. त्यावरून त्यांनी पंगतीचा नियम केला. ओसरीवर लांब पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, त्यावर एका ओळीत पोरं, ताटलीत मऊ वरणभात. पहिला घास स्वतः खायचा नाही. आपल्या उजवीकडच्याला भरवायचा. ओळीच्या उजव्या टोकाला मावशी स्वतः बसायच्या, म्हणजे शेवटचं पोर त्यांना भरवायचं. मावशींच्या तोंडात घास पडला की मग सगळ्यांनी आपापलं जेवायचं. अठरा वर्षांत एक दिवस यात बदल झाला नाही. मावशींचा पहिला घास रोज कुणाच्या तरी शेंबड्या हातचा असायचा.

एकदा पाहणीसाठी एक मॅडम आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात फाइल. नेमकी जेवणाची वेळ. मावशी आत वरण आणायला गेल्या होत्या, म्हणून मॅडम त्यांच्या रिकाम्या जागेवर, उजव्या टोकाला टेकल्या. त्यांच्या शेजारी पिंट्या होता. पिंट्या म्हणजे आमच्याकडचा नामांकित चावरा. घास भरवणं सुरू झालं, ओळीतून सरकत सरकत पिंट्यापर्यंत आलं. पिंट्यानं नाक मनगटाला पुसलं, त्याच हातानं भात कालवला आणि घास मॅडमच्या तोंडापुढं धरला.

मॅडम मागं सरकल्या. पिंट्या हात लांब करून तसाच. ओळीतली एकूण एक पोरं वाकून मॅडमकडे बघायला लागली, कारण शेवटचा घास पडेपर्यंत कुणालाच जेवता येत नव्हतं. मी मध्ये पडणार इतक्यात पिंट्या शांतपणे म्हणाला, "आ करा. मी नाय चावत."

मॅडमनी डोळे मिटून आ केला. नंतर त्यांनी फाइलमध्ये काय लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं: "जेवणाची चव स्वतः घेऊन पाहिली. उत्तम."

*

रहीमचाचांशिवाय आमचं पाळणाघर पूर्ण होत नाही. कुदळवाडीकडची पोरं ते रिक्षानं आणायचे. पोरं चढली की मोजायची, उतरली की मोजायची, आणि वाटेत रिक्षा जिथं जिथं थांबेल तिथं मागं वळून मोजायची. आकडा नऊ. एका सकाळी मोजली तर दहा भरली.

एक कमी भरलं असतं तर माणूस घाबरला असता. एक जास्त भरल्यावर काय करायचं, हे चाचांना कळेना. कुणाचं तरी पोर आपण उचलून आणलंय, या विचारानं त्यांना घाम फुटला. त्यांनी रिक्षा वळवली आणि दारोदार जाऊन विचारलं, "भाभी, तुमचं पोरगं घरी आहे का?" आता सकाळी स्वतःच्या हातानं पोर रिक्षात बसवलेल्या बाईला त्याच रिक्षावाल्यानं हे विचारल्यावर काय होईल! नऊ आया रस्त्यावर आल्या. तशी ती वरात आमच्या दारात पोचली.

मावशींनी एकेक पोर उतरवून घेतलं. दहावं उतरलं तो चाचांचा स्वतःचा नातू. रोज पुढं त्यांच्या शेजारी बसायचा, म्हणून कधी मोजलाच जायचा नाही. त्या दिवशी हट्टानं मागं बसला होता.

चाचा कपाळाला हात लावून खाली बसले. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "असू द्या चाचा. आपलंच तेवढं मोजायचं ऱ्हातं."

*

आता मोबाइलच्या दुकानाचा किस्सा. हा मी कुणाला फारसा सांगत नाही.

गेल्या वर्षी मावशींच्या बटणवाल्या फोनची बॅटरी बसली. आम्ही दोघी चौकातल्या दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा दाढी राखलेला, कानात बाळी. मावशी त्याच्या कानाकडे बघत राहिल्या. डाव्या कानाच्या पाळीला लहानपणीची चीर होती, आमच्या खिडकीच्या कडीनं झालेली.

"पिंट्या ना रं तू?"

तो दचकला. पिंट्या म्हणणारं आता कुणी उरलं नसावं. मावशींनी बाही सारून मनगट पुढं केलं. तिथं चार दातांची पुसट खूण होती. "हे दात तुझं," म्हणाल्या.

पिंट्यानं खूण बघितली, मावशींकडे बघितलं. दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली होती. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "सॉरी हां आजी. पण मला खरंच नाही आठवत." पोरगा मनाचा चांगला. बॅटरी बसवून दिली आणि वर एक मोबाइलची काच भेट म्हणून दिली, त्याच्याकडच्या सगळ्यात भारी फोनची.

बटणवाल्या फोनला ती काच कुठं लावणार! मावशींनी ती घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली. घरी येऊन चहाही घेतला नाही. ती काच अजून तिथंच आहे.

*

म्हणून मंडळाची पोरं सत्काराचं सांगायला गेली तेव्हा मावशींनी सरळ नाही म्हटलं. "ज्यांना वाढवलं त्यांच्या ध्यानात न्हाई. आन् तुमी मांडव घालून मला शाल देणार. ती घिऊन मी करू काय?" पोरांचा चेहरा पडला. ती माझ्याकडे आली. मी जाऊन मावशींपुढं बसले, भांडले, शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्या जरा नरमल्या. वीस वर्षांपूर्वीही त्या माझ्या रडण्यालाच कंटाळल्या होत्या.

अटी घातल्या. मांडव नको, माझ्या ओसरीवर. भाषण नको, जेवण ठेवा, मऊ वरणभात. आणि रविवारी नको. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, कार्यक्रम तर रविवारीच असतात. मावशी म्हणाल्या, "मंग कुणासाठी करताय?" कार्यक्रम गुरुवारी ठरला.

गुरुवारी ओसरी भरली. राखाडी शर्टवाला दत्तू आला, आता त्याचंच डोकं राखाडी झालंय. रहीमचाचा नातवाच्या गाडीवर मागं बसून आले. ते ओसरीवर आलेली माणसं मोजतच होते. आईबाप पुष्कळ आले, पोरं थोडी. कुणाचा क्लास, कुणाची ड्यूटी, कुणाला काही आठवत नाही तर येऊन काय करायचं. मावशी एकेक चेहरा बघत होत्या आणि कुणालाच काही विचारत नव्हत्या.

मीरा मात्र अनिकेतला ओढून घेऊन आली होती. बावीस वर्षांचा, उंचापुरा, चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेला. सुट्टीचा एकच दिवस आणि आईनं तो इथं घालवला, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिनं त्याला मावशींच्या पाया पडायला लावलं.

मावशींनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. आणि जे त्या दिवसभर कुणालाच विचारत नव्हत्या, ते त्याला विचारलं. "वळखलंस का रं?"

अनिकेतनं आईकडे बघितलं. मीरा डोळ्यांनी हो म्हण, हो म्हण, असं खुणावत होती. पोरगा सरळ स्वभावाचा. "खरं सांगू का आजी? मला यातलं काहीच आठवत नाही. आई सांगते तेवढंच माहीत आहे."

मीराची मान खाली गेली. मावशी म्हणाल्या, "आसू दे बाळा. खरं बोललास." शाल आली, नारळ आला, माझं मानपत्र अध्यक्षांनी वाचलं. टाळ्या झाल्या. मावशींनी शाल घडी करून बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी वाढायला उठले.

पंगतीला मी आतून तीच सतरंजी काढली होती. पट्टे विटलेत, पण आहे अजून. माणसं बसली. मावशी सवयीनं उजव्या टोकाला. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं अनिकेत येऊन बसला, कारण चार्जिंगचा पॉइंट त्या भिंतीला होता. डाव्या हातात फोन, नजर फोनवर. मी त्याच्या पानात भात वाढला, वर वरण घातलं. त्यानं न बघताच ते कालवलं, बोटांनी छोटा घास केला आणि हात उचलला.

हात त्याच्या तोंडाकडे गेला नाही. उजवीकडे गेला, आणि मध्येच थांबला. अनिकेतनं फोनमधून डोळे काढले आणि स्वतःच्या हाताकडे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा, तसं बघत राहिला.

तोवर मावशींनी आ केला होता.